घर रिकामं असल्याचा दाखला

१

परदेशी माणसाला त्या किनाऱ्यावर सुट्टीचं घर घेता येत होतं, नाही असं नाही. पण घेईपर्यंत त्याच्या नाकी नऊ यायचे. एका कुटुंबाला एकच घर. तेही ठरलेल्या मापापेक्षा हातभरसुद्धा मोठं नको. वर मजला चढवायचा नाही, आवारात दुसरी खोली काढायची नाही, भाड्याने द्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठी अट अशी, की थंडीचे पाच महिने घर रिकामं हवं. पाहुणे म्हणून या, उन्हात लोळा, समुद्रात डुंबा, पण कायमचं बूड टेकायचं नाही, असा त्या कायद्याचा सरळ अर्थ. अट मोडली की परवानगी रद्द आणि घर लिलावात. कायदा कडक होता खरा, पण तो नसता तर गाव कधीच त्यांचं झालं असतं आणि गावकरी त्यांचे पाहुणे.

ही अट पाळली जाते की नाही ते बघायला जमीन खात्याने एक बाई ठेवली होती. तिला सगळे पाहणीबाई म्हणत. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ती घरोघर जायची, खोल्या, कपाटं, पलंगाखालची जागा बघायची, मालकाला घेऊन बाहेर यायची, दाराला कुलूप लावायची आणि पायरीवर उभ्याउभ्याच दाखला भरायची. दाखल्यात एक चौकट असे. 'घरातील व्यक्तींची संख्या.' त्यात ती शून्य घालायची, मग सही, शिक्का, की झालं. नवरा तिला चिडवायचा, की रिकामटेकड्यांना पगार मिळतो हे माहीत होतं, रिकाम्या घरांसाठीही मिळतो हे तुझ्याशी लग्न केल्यावर कळलं.

दाखला पायरीवरच भरायचा ही तिच्या आधीच्या साहेबांची शिकवण. आत बसून लिहायचं नाही, आणि आपण स्वतः मोजल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, तसंच करतात. सरकारी कामात अशा सवयी ढिगाने असतात, तेव्हा बाईंनी पुढे काही विचारलं नाही. अकरा वर्षं त्या मुकाट्याने पायरीवर उभ्या राहून लिहीत आल्या.

२

त्या वर्षी शेवटचं घर राहिलं सूरकाकांचं. काका परदेशी, पण बारा उन्हाळे इथे काढलेले. आयुष्यभर पियानो दुरुस्त करून त्याचे सूर लावून देण्याचं काम केलेलं, म्हणून गावाने हे नाव ठेवलं. भाषा त्यांनी पुस्तकातून शिकलेली होती, त्यामुळे ते भाजीवाल्याशीसुद्धा सभेत भाषण केल्यासारखं बोलायचे. घर बैठं, समुद्राकडे तोंड केलेलं. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, मधे लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला झोपायची खोली. एवढंच.

बाई आत शिरल्या तर काकू पलंगावर. दहा दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, की महिनाभर हलवायचं नाही. काकांनी मुदतवाढीचा अर्जही केला होता. पण अर्जावर निर्णय व्हायला लागतात सहा आठवडे, आणि निर्णय होईपर्यंत घर रिकामं ठेवावं असं पोचपावतीवरच छापलेलं. कायदा करणाऱ्याचं हाड कधी मोडलं नसावं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

काकूंनी बाईंचा हात धरला. त्यांना इथली भाषा फारशी येत नव्हती. तरी त्या म्हणाल्या, की आमचं तिकडचं सगळं विकून झालंय, आता हे एवढंच उरलंय. मग काका बोलायला लागले, पण अर्ध्यातच ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंना भडभडून आलं. त्यांची स्वतःची आई शेवटी अशीच अंथरुणाला खिळली होती.

बाईंनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. पण त्या उठल्या, काकांना घेऊन बाहेर आल्या आणि दार ओढून कुलूप लावलं. पडदे लावून घ्या, दिवसा धूर काढू नका, तीन आठवड्यांनी एखादी गाडी बोलवा आणि गुपचूप निघून जा, असं त्यांनी काकांना सांगितलं. आणि पायरीवर उभ्या राहून, आत काकू खोकत असताना, चौकटीत शून्य घातलं.

सही झाली आणि खोकला थांबला. बाईंना वाटलं, बरं झालं, डोळा लागला असेल. काकांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्या गाडीत बसून निघाल्या. चांगलं काम केल्याचं समाधान त्यांना घरी पोहोचेपर्यंत पुरलं.

३

तिसऱ्या दिवशी काका थेट कचेरीत हजर. ज्याचं घर कागदोपत्री तीन दिवसांपासून रिकामं, तो मालक खिडकीशी उभा. समोरच्या टेबलावरचा कारकून वर बघायच्या आत बाई उठून बाहेर आल्या.

काकांची दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. ते कुजबुजत म्हणाले, "बाई, दाखल्यात दुरुस्ती करायची असेल तर कोणता अर्ज लागतो?"

दुरुस्ती कशाला, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या दिवशी बाई गेल्यावर त्यांनी आपल्या किल्लीने कुलूप उघडलं आणि आत गेले, तर पलंग रिकामा. पांघरूण तसंच, उशीला खळगा तसाच, काकू नाहीत. खिडक्यांना आतून कड्या होत्या. आणि बाई गेल्या नाहीत, बाई आतच आहेत, असंही ते म्हणत होते. त्यांच्या बोलण्यात बाई म्हणजे काकू हे कळायला पाहणीबाईंना जरा वेळ लागला.

बाईंनी पहिला विचार केला तो कोणीही शहाणा माणूस करेल तोच. काकू गेल्या. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. की त्याहून वाईट काही? घर रिकामं करायचं म्हणून यानेच तर काही केलं नसेल? त्या म्हणाल्या, चला, मी बघते.

४

त्यांनी घर पालथं घातलं. बैठक, स्वयंपाकघर, बाथरूम, दोन कपाटं, मागचं लाकडाचं खोपटं. घराला माळा नव्हता, तळघर नव्हतं, कायद्यानेच नव्हतं. आवारातली माती कुठे उकरलेली नव्हती. काकूंच्या चपला पलंगाखाली, चष्मा उशाशी. मोडक्या खुब्याची बाई चष्म्याशिवाय आणि चपलांशिवाय कुठे जाणार, हे बाईंना काही केल्या जुळवता येईना.

काका खोलीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, की मी औषधाचा पेला ठेवतो, तो निम्मा होतो. सूप ठेवतो, ते कमी होतं. बाईंनी पेल्याकडे पाहिलं. तूच पीत असशील रे बाबा, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या आणि दमून पलंगाच्या कडेला बसल्या.

गादी त्यांच्या बाजूला कलली नाही. पलीकडे कोणी झोपलेलं असलं की आपण बसताना गादी जशी अडते, तशी ती अडली. मग पांघरुणाखालून ऊब आली. ती तापलेल्या माणसाची ऊब होती, आईच्या शेवटच्या दिवसांत बाईंनी रोज हाताने पाहिलेली.

त्या उठल्या नाहीत. गादीची स्प्रिंग असेल, ऊन पडलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण पडदे बंद होते, ऊन कुठून पडणार? तेवढ्यात बोळात पावलं वाजली. स्वयंपाकघरापासून खोलीच्या दिशेने, झपझप, टाचा टेकवत. दाराशी आली आणि थांबली. दारात काका उभे होते आणि त्यांच्या पाठीमागे बोळ मोकळा होता.

"ही ती नाही," काका हळूच म्हणाले. "माझी बायको लग्नाच्या आधीपासून डावा पाय ओढते. आणि आता तर ती उभीच राहू शकत नाही. हे पाऊल दुसऱ्या कोणाचं तरी आहे. मला आवाजात चूक होत नाही, बाई."

बाईंचा एक हात अजून पांघरुणावर होता. त्याखाली कोणीतरी संथ श्वास घेत होतं आणि त्याच वेळी बोळातली पावलं वळून परत स्वयंपाकघराकडे चालली होती.

५

घरी आल्यावर त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ? नवऱ्याने दोनदा विचारलं, की आज तोंडात मिठाची गुळणी धरलीय का. बारा वर्षांच्या लेकीने शाळेतल्या भांडणाची साग्रसंगीत हकिकत सांगितली आणि बाईंनी चुकीच्या ठिकाणी मान डोलावली, त्यावरून ती रुसली. तिला जवळ घेऊन बाईंनी वेणी घालून दिली. वेणी घालताना त्या लेकीच्या डोक्याला पुन्हा पुन्हा हात लावून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी त्या घराची जुनी फाइल काढली. काकांच्या आधी तिथे दुसरे परदेशी होते, त्यांच्या आधी तिसरे. दरवर्षीचा एक दाखला, पिवळा पडलेला. शून्य, शून्य, शून्य. साहेबांची सही, त्याआधी साहेबांच्याही साहेबांची. सगळ्यांनी नीट मोजलं असेल का, एवढाच प्रश्न त्यांना पडला, आणि त्यांनी फाइल मिटली.

दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याच खणात होता. त्यात तीच चौकट. आकडा बदलायचा म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. काकांचं घर जाणार. त्यांची स्वतःची नोकरी जाणार, कारण खोटा दाखला दिल्याचं आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं. आणि हे सगळं कशासाठी, तर एका गादीच्या अडण्यासाठी! शहाण्या माणसाने असलं करू नये. म्हणून बाईंनी आठवडाभर काहीही केलं नाही.

मग शनिवारी दुपारी काकांचा फोन आला. पेला दोन दिवसांपासून भरलेलाच होता. सुपाला हात लागला नव्हता. ते म्हणाले, "तिचा श्वास मला ऐकू येतो, बाई. तो उतरत चाललाय. डॉक्टरांना बोलावलं तर ते कोणाला तपासणार? घर गेलं तरी चालेल. मला ती हवी आहे."

बाई म्हणाल्या, आलेच. लेक दारापर्यंत आली आणि आज सुट्टी असून कुठे चाललीस म्हणून भुणभुण करायला लागली. तासाभरात येते, असं तिला सांगून त्या निघाल्या.

६

घरात शिरल्यावर त्यांनी कोट बैठकीतल्या खुंटीला अडकवला आणि अर्ज नि शिक्क्याची पिशवी घेऊन सरळ खोलीत गेल्या. पायरीवर उभं राहून लिहायचं त्यांच्या मनातही आलं नाही असं नाही. आलं. पण बाहेरून एक आकडा लिहिला आणि तो भलत्याच कोणाला लागला तर? त्यांना लिहिताना पलंग डोळ्यांसमोर हवा होता. आकडा टाकायचा तो बघून टाकायचा.

काका पलंगाशी गुडघे टेकून बसले होते. बाईंनी टेबलावर अर्ज पसरला आणि मोजायला सुरुवात केली. काका एक. काकू दोन. आपण आत आहोत, म्हणजे आपण तीन. स्वतःला मोजायचं त्या विसरल्या नाहीत, एवढी अक्कल त्यांनी वाटेत गाडी चालवतानाच लढवून ठेवली होती.

बोळात पावलं वाजत होती. आज ती वेगाने येत-जात होती. काकांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तिलाही मोजा."

बाईंचा हात थांबला. चार लिहायचं म्हणजे ते पाऊल खरं, असं सही-शिक्क्यानिशी मान्य करायचं. काकूंना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, हात धरला होता. त्यांना मोजण्यात काही गैर नव्हतं. पण हे कोण? नाव नाही, गाव नाही, तोंड पाहिलेलं नाही. जुन्या घरात फळ्या वाजतात, नळ वाजतात. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी न पाहिलेलं माणूस कधी कागदावर घेतलं नव्हतं. एक खोटं शून्य लिहून एवढा घोळ झाला होता, आता आणखी एक खोटा आकडा कशाला, असंही त्यांना वाटलं. त्यांची बुद्धी तिथे अडून बसली ती बसलीच.

बोळातली पावलं थांबली, जशी काही ऐकत असावीत. बाईंनी चौकटीत तीन लिहिलं. सही केली, शिक्का मारला.

७

पलंग करकरला. पांघरुणावर आधी एक हात दिसला, निळ्या शिरांचा, बोटात सैल झालेली अंगठी. मग खांदा, मग उशीवर पांढरे केस. काकूंनी डोळे उघडले आणि कोरड्या ओठांनी पाणी मागितलं. काकांच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. ते पेला घेऊन त्यांच्या ओठांना लावत होते आणि अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. गेली नोकरी खड्ड्यात, असं त्यांना वाटलं, आणि त्या काकूंजवळ जाऊन वाकल्या.

काकूंची नजर त्यांच्यावरून सरळ छताकडे गेली. ग्लानी असेल. बाईंनी काकूंचा हात हातात घेतला, तर काकूंनी थंडी वाजल्यासारखा तो मागे ओढून पांघरुणात घेतला.

काका उठले, डोळे पुसले आणि दाराकडे वळून त्यांनी हात जोडले. ते म्हणाले, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

बाई त्यांच्या पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात एक बाई होती. बोळातला उजेड तिच्या पाठीमागून येत होता, त्यामुळे चेहरा काळोखात. उंची साधारण, बांधा साधारण. ती पुढे आली, टेबलावरचा अर्ज उचलला, शिक्का पिशवीत टाकला आणि काकांना मान लववून बोळातून निघाली. झपझप, टाचा टेकवत.

काका, मी इथे आहे, असं पाहणीबाई म्हणाल्या. मग ओरडून म्हणाल्या. मग त्यांनी काकांचा खांदा धरून गदागदा हलवला. काकांनी खांदा चोळला, एकदम पांढरेफटक पडले आणि लगबगीने काकूंच्या उशाशी जाऊन बसले. ते बोळाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत न दिसणाऱ्या माणसाची भीती बघून बाईंनी पुन्हा पुढे केलेला हात मागे घेतला.

त्या बोळातून धावल्या. बैठकीत ती दुसरी खुंटीवरचा कोट अंगात घालत होती. पाठमोरी. दोन्ही बाह्या घातल्यावर तिने मानेवरचे केस कॉलरबाहेर काढले आणि दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पायरीखाली गाडी उभी होती. बाई तिच्यामागून उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथून पुढे पाय पडेना; अर्जातले तीन त्यांना सोडूनच भरले होते. त्यांनी तीनदा प्रयत्न केला.

कोटाच्या खिशात फोन वाजला. दुसरीने तो काढला, नाव बघितलं आणि कानाला लावला. मग म्हणाली, "हो गं राणी. झालं काम. निघालेच." आवाज थोडा घोगरा होता, बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा.

लेकीला फोनवर हळू बोलणं कधी जमलंच नव्हतं. तिचा शब्द न् शब्द दारापर्यंत ऐकू आला. आवाज असा काय येतोय, सर्दी झाली का, असं तिने विचारलं. बाईंनी उंबऱ्यावरून जिवाच्या आकांताने तिला हाक मारली. मग लेक हसली आणि म्हणाली, "बरं, लवकर ये आई, मी वाट बघतेय."